खर्ऱ्यापासून टी-पेशीपर्यंत

२००४ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातल्या ७२६ जणांनी एका अभ्यासासाठी आपलं रक्त दिलं. त्यांत डॉक्टर होते, परिचारिका होत्या, वैद्यकीचे आणि नर्सिंगचे विद्यार्थी होते, प्रयोगशाळेत आणि वॉर्डात राबणारे कर्मचारी होते. रोज क्षयरुग्णांच्या खोकल्यात वावरणारी, पण स्वतः क्षयाने आजारी नसलेली ही माणसं. प्रत्येकाच्या रक्तात क्षयजंतूच्या प्रथिनांचे तुकडे घालून ते रात्रभर उबवलं गेलं आणि मग त्यात इंटरफेरॉन-गॅमा नावाचं द्रव्य किती उतरलं ते मोजलं. ज्याच्या टी-पेशींनी हा जंतू पूर्वी कधी पाहिला असेल त्याच्या नळीत ते उतरतं; इतरांच्या नळीत जवळजवळ नाही. जोडीला हातावर टोचायची जुनी ट्युबरक्युलिन चाचणीही केली होती. दोन्हींपैकी एक तरी चाचणी होकारार्थी आली असे ३६० जण निघाले. म्हणजे निम्मे.

पुढच्या वर्षी हा अभ्यास ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पहिले लेखक मधुकर पै तेव्हा बर्कलीला पीएचडी करत होते. सेवाग्रामचे डॉ. एस. पी. कलंत्री, डॉ. रजनीश जोशी आणि त्यांचे सहकारी यांच्यासोबत त्यांनी हे काम उभं केलं. गंमत म्हणजे महागडी नवी चाचणी आणि स्वस्त जुनी चाचणी यांचे निकाल बरेचसे जुळले. ज्या गावात क्षय घरोघरी आहे तिथे जुन्या चाचणीवर फुली मारायची घाई नको, इतका व्यवहारी निष्कर्ष त्यातून निघत होता.

कर्करोगाच्या प्रतिकारशास्त्रावरच्या टिपणांना ही क्षयाची प्रस्तावना कशाला, असं वाचक विचारेल. उत्तर त्या नळीतच आहे. कर्करोगाच्या गाठीविरुद्ध शरीर लढतं आहे की नाही हे पाहणारा संशोधक आजही हेच करतो: रुग्णाच्या टी-पेशी घेतो, त्यांना गाठीतल्या प्रथिनांचे तुकडे दाखवतो आणि इंटरफेरॉन-गॅमा मोजतो. तीच पेशी, तेच द्रव्य. आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या विषयातला प्रत्येक आकडा शेवटी ‘निरोगी’ माणसाच्या आकड्याशी ताडून पाहायचा असतो. वर्ध्याचा निरोगी माणूस म्हणजे कोण? ज्या इमारतीत तो शोधायला जावं तिथल्या निम्म्या लोकांच्या टी-पेशी क्षयजंतूशी हुज्जत घालून बसलेल्या आहेत. त्यात पूर्वी होऊन गेलेले जंत, डासांनी दिलेला हत्तीरोग, लहानपणी टोचलेली बीसीजी. बोस्टनच्या किंवा हायडेलबर्गच्या रक्तपेढीतल्या दात्याचं रक्त हे नव्हे. म्हणून या पुस्तिकेचा आग्रह एकच आहे, आणि तो वेगवेगळ्या टिपणांतून पुन्हापुन्हा येईल: वर्ध्यात बसून कर्करोगाचं प्रतिकारशास्त्र शिकणाऱ्याने गाठीला हात घालण्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या धडधाकट माणसाचं रक्त समजून घ्यावं.

हे रक्त समजून घेण्याची इथे परंपरा आहे, आणि ती तरुणांना फारशी सांगितली जात नाही. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ला, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. खेड्यातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय म्हणून तिची ओळख. खादी, श्रमदान, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं गावातलं शिबिर याबद्दल सगळे बोलतात. पण त्याच आवारात जमनालाल बजाज यांच्या नावाचं उष्णकटिबंधीय रोगांचं संशोधन केंद्र आहे, आणि तिथे डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या गटाने हत्तीरोगाच्या प्रतिजनांवर आणि प्रतिपिंडांवर अनेक वर्षं काम केलं. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू रक्तात रात्री फिरतात. निदानासाठी आरोग्य कर्मचाऱ्याने रात्री दारोदार जाऊन बोटाला सुई टोचायची, असा जुना शिरस्ता. दिवसा घेतलेल्या थेंबभर रक्तातही रोगाचा माग लागावा अशा चाचण्या घडवणं हा त्या गटाचा ध्यास होता. हे अस्सल प्रतिकारशास्त्र होतं, आणि त्याचा प्रश्न रात्री गावात फिरणाऱ्या कर्मचाऱ्याच्या अडचणीतून आला होता. प्रश्न कुठून आणायचा याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

आता कर्करोगाकडे. भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वांत पुढे आहे आणि विदर्भात त्याचं कारण पानठेल्यावर डोळ्यांसमोर तयार होतं. सुपारीची भरड, तंबाखू, चुना; पन्नीत घालून घोटायचं, की खर्रा. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. कारखान्यातली पुडी दुकानातून निदान दिसेनाशी झाली. हाताने घोटलेला खर्रा राहिलाच. तरुण वयात सुरू झालेल्या या सवयीने गालाचं आतलं अस्तर पांढरं पडतं, ताठरतं, तिखट सहन होत नाही आणि हळूहळू तोंड उघडेनासं होतं. दंतवैद्यकाचा विद्यार्थी रुग्णाला बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगतो: किती मावतात? तोंडाचा हा ताठरपणा, म्हणजे सबम्युकस फायब्रोसिस, पुढे काही जणांत कर्करोगाकडे जातो. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिला. पानठेल्यावरच्या ‘साधी सुपारीच तर आहे’ या बोलण्यापर्यंत अजून तो पोचलेला नाही.

या ताठरलेल्या गालात प्रतिकारशास्त्राचा एक प्रश्न दडला आहे. सुपारीतल्या द्रव्यांमुळे तंतू तयार करणाऱ्या पेशी चेकाळतात. त्यांना चेतवणाऱ्या रेणूंपैकी एक टीजीएफ-बीटा. हाच रेणू इतर गाठींमध्ये दुसरंही काम करताना दिसला आहे: तो टी-पेशींना गाठीच्या बाहेर थोपवतो आणि आत शिरल्या तरी त्यांना नरम करतो. मग वर्षानुवर्षं खर्रा खाल्लेल्या, आधीच तंतूंनी भरलेल्या गालात उगवलेल्या गाठीत टी-पेशी पोचतात कितपत? कुठे अडतात? पोचलेल्या लढतात की नुसत्या बसून असतात? डोकं आणि मान यांच्या कर्करोगावरचं पाश्चात्त्य वाङ्मय वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं, की तिथल्या रुग्णांत घशाचे, एचपीव्ही विषाणूमुळे झालेले कर्करोग बरेच असतात. विषाणूमुळे झालेली गाठ टी-पेशींना परकी म्हणून ओळखता येते. आपल्याकडची गालफडातली गाठ बहुधा तशी नसते. कोलकात्याजवळच्या कल्याणीची जनुकसंशोधन संस्था आणि खारघरचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र यांनी मिळून गाल-हिरडीच्या कर्करोगाचा जनुकीय नकाशा २०१३ साली प्रसिद्ध केला तो याच जाणिवेतून. नकाशा झाला, त्या नकाशावर टी-पेशी कुठे उभ्या आहेत हे पाहणाऱ्यांची वानवा आहे.

विषयाची थोडी पूर्वपीठिका सांगायला हवी, पण ती थोडक्यात सांगतो, कारण ती कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाशी लढू शकते ही शंका एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची. न्यूयॉर्कचा शल्यविशारद विल्यम कोली गाठींमध्ये जंतूंचं द्रव टोचून पाहत असे. १९७६ साली मोरालेस यांनी मूत्राशयाच्या कर्करोगात बीसीजी लस वापरून दाखवली आणि ती पद्धत आजही टिकून आहे. आपल्या प्रत्येक बाळाच्या दंडावर व्रण सोडणारी तीच लस. खरी कलाटणी मात्र टी-पेशींवरच्या वेसणीच्या शोधाने मिळाली. बैल उधळू नये म्हणून वेसण असते तसे टी-पेशींवर काही रेणू असतात. कर्करोगाची गाठ हीच वेसण ओढून धरते. औषधाने ती सैल करायची, की टी-पेशी पुन्हा कामाला लागते. जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ साली नोबेल मिळालं ते यासाठी.

या गोष्टीत तरुण वाचकाने पाहावं असं काही वेगळंच आहे. क्योटोमध्ये होन्जोंच्या प्रयोगशाळेत पीडी-१ हा वेसणीचा रेणू १९९२ साली सापडला तो यासुमासा इशिदा या विद्यार्थ्याला, आणि तो कर्करोग शोधत नव्हता. पेशी स्वतःला कशा संपवतात याचं जनुक तो धुंडाळत होता. सापडलेल्या रेणूचा खरा धंदा काय हे कळायला त्या प्रयोगशाळेला बरीच वर्षं लागली. ॲलिसन यांचा सीटीएलए-४ या दुसऱ्या वेसणीवरचा १९९६चा गाजलेला निबंध तीन नावांचा आहे: डेना लीच, मॅथ्यू क्रमेल आणि शेवटी ॲलिसन. क्रमेल त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी. पारितोषिकं ज्येष्ठांना मिळतात हा जगाचा नियम आहे, त्यावर रुसण्यात अर्थ नाही. पण उंदीर कोण पाळतं, गाठ रोज कोण मोजतं आणि वहीत विचित्र आकडा पहिल्यांदा कोण पाहतं, हे विसरलं की प्रशिक्षण म्हणजे व्याख्यानं असा समज होतो.

आपल्याकडची गोष्ट परळची. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडलं आणि तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर विकृतिशास्त्र पाहू लागले. त्यांचा डोळा लोकांच्या सवयींवर असे. कमरेला धोतर घट्ट आवळून बांधणाऱ्यांच्या कातडीवर होणारा ‘धोतराचा कर्करोग’ त्यांनी १९४५ साली सूर्याबाई यांच्यासोबत जगापुढे मांडला. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या हाताखाली १९४९ साली पीएचडी केली, मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशीसंवर्धन शिकल्या. हे गाय म्हणजे हेन्रिएटा लॅक्सच्या पेशी पहिल्यांदा काचेत वाढवणारे. रणदिवे परत आल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, ती देशातली पहिली मानली जाते. स्तनाच्या कर्करोगावर काम केलं, कुष्ठरोगाच्या जंतूवर केलं, १९८२ साली पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करत होत्या. त्याच संस्थेत पुढे डॉ. सुधा गांगल यांनी प्रतिकारशास्त्राचा विभाग वाढवला आणि नंतर विद्यार्थ्यांसाठी या विषयाचं पाठ्यपुस्तक लिहिलं, आणि डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी तोंडाच्या कर्करोगातल्या गॅमा-डेल्टा टी-पेशींवर काम करत खारघरच्या ॲक्ट्रेकचं संचालकपदही सांभाळलं. मराठी मुलीला कर्करोगाच्या प्रतिकारशास्त्रात आदर्श शोधायला अटलांटिक ओलांडावा लागत नाही.

मुंबईनेच गेल्या काही वर्षांत दोन असे धडे दिले आहेत की ते या पुस्तिकेत स्वतंत्र टिपणं होऊन बसले आहेत. पहिला निव्होलुमॅबचा. पीडी-१ची वेसण सैल करणारं हे औषध. २०१६ साली डोक्या-मानेच्या कर्करोगात त्याचा निकाल आला: प्रचलित औषधांवर रुग्ण ५.१ महिने जगत होते ते ७.५ महिने जगू लागले (हे मध्यक आहेत), आणि गाठ आक्रसली ती साधारण १३ टक्के रुग्णांत. भारतीय रुग्णाला या औषधाची पूर्ण मात्रा परवडणं अशक्यप्राय होतं. तेव्हा टाटा रुग्णालयाच्या विजय पाटील, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी विचारलं: थोडंसं दिलं तर? थोड्या मात्रेतही टी-पेशींवरचे बहुतेक पीडी-१ रेणू व्यापले जातात हे आधीच्या मोजमापांतून ठाऊक होतंच. मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब ही तोंडाने घ्यायची स्वस्त औषधं. एका गटाला एवढीच, दुसऱ्याला जोडीला दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. एकूण १५१ रुग्ण. वर्षभराने जिवंत असलेले: पहिल्या गटात १६.३ टक्के, दुसऱ्यात ४३.४ टक्के.

आता इथे थांबून तरुण संशोधकाने काय शिकावं? ‘कमी मात्रा पूर्ण मात्रेइतकीच चांगली’ असं या अभ्यासाने सिद्ध केलं, असं मी परिसंवादांत लोकांना बोलताना ऐकलं आहे. तसं त्याने सिद्ध केलेलं नाही. पूर्ण मात्रेचा गट त्यात नव्हताच. सिद्ध झालं ते हे, की ज्याला पूर्ण मात्रा मिळणारच नाही त्याला थोडी मिळणं हे काहीच न मिळण्यापेक्षा बरंच चांगलं. दोन विधानांतला फरक ज्याला दिसतो तो शिकला. बाकी पिपेट धरणं कुणीही आठवड्याभरात शिकतं.

दुसरा धडा नेक्सकार-१९चा. रुग्णाच्या टी-पेशी काढायच्या, विषाणूच्या वाहनातून त्यांत एक बनावट ग्राहक-रेणू घालायचा, पेशी वाढवायच्या आणि परत त्याच रुग्णाला द्यायच्या; मग त्या सीडी-१९ हे चिन्ह असलेल्या रक्तकर्करोगाच्या पेशींना हुडकून मारतात. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत पीएचडीच्या विद्यार्थ्यांच्या हातून हे तंत्र घडलं आणि टाटाच्या डॉक्टरांनी २०२१च्या जूनमध्ये ते पहिल्या रुग्णाला दिलं. ऑक्टोबर २०२३मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. परदेशात तीन-चार कोटींच्या घरात जाणारा हा उपचार सुमारे दहाव्या हिश्श्यात आला. तरीही ती रक्कम देवळी किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या सोयाबीनवाल्या कुटुंबाच्या आवाक्यातली नाही, हे लिहिलं पाहिजे. आणि हेही, की हा उपचार रक्ताच्या कर्करोगाचा. गालातल्या घट्ट गाठीत अशा पेशी शिरत नाहीत, टिकत नाहीत. तो प्रश्न मोकळा आहे.

मोकळा प्रश्न आहे, रुग्ण आहेत, सेवाग्रामला आणि सावंगी (मेघे) इथे दोन मोठी शिकवणारी रुग्णालयं आहेत, सेवाग्रामच्या महाविद्यालयात जिल्ह्याची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी चालते. मग अडतं कुठे? यंत्रावर, असं उत्तर लगेच येतं. मला ते पटत नाही. यंत्र अनुदानातून येतं, फीत कापली जाते, आणि देखभालीचा करार संपला की त्यावर कापड पडतं. अडतं ते वेळेवर आणि सोबतीवर. एमडीच्या विद्यार्थ्याला रुजू झाल्यावर काही महिन्यांत प्रबंधाचा विषय द्यावा लागतो, आणि तो विषय पुष्कळदा ‘तीस केसेस, तीस कंट्रोल’ या साच्यातून निघतो. तीसच का? कारण मागच्या सीनिअरने तीस घेतले होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची एमबीबीएस विद्यार्थ्यांसाठीची दोन महिन्यांची शिष्यवृत्ती १९७९पासून चालू आहे आणि वर्ध्याच्या मुलामुलींनी तिचा चांगला उपयोग केला आहे. पण दोन महिन्यांत प्रश्नावली भरून होते, टी-पेशी हाताला लागत नाहीत. शिक्षकाला बढतीसाठी निबंध मोजून दाखवायचे असतात. सगळ्यांची घाई प्रामाणिक आहे, आणि तिचं फलित म्हणजे कुणी न वाचलेले निबंध.

म्हणून या टिपणांत सुचवलेला क्रम उलटा आहे. पहिले काही महिने गाठ नाहीच. शिकणाऱ्याने आपलं, आपल्या सहकाऱ्यांचं, संमती देणाऱ्या धडधाकट माणसांचं रक्त घ्यावं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या कराव्यात, मोजाव्यात, उद्या पुन्हा मोजाव्यात. दोन दिवसांचे आकडे जुळेपर्यंत पुढे जाऊ नये. हे कंटाळवाणं आहे. इथेच बरेच जण गळतात आणि ते ठीकच आहे. या काळात वर्ध्याचा उन्हाळाही शिकवतो. परदेशी पद्धतीच्या कागदावर लिहिलेलं असतं: रक्त खोलीच्या तापमानाला ठेवा. त्या खोलीचं तापमान वीस-पंचवीस अंश असतं. मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५च्या वर जातो, वीज जाते, आणि आर्वीहून निघालेली नळी दुपारच्या एसटीत दोन तास भाजून येते. बर्फात ठेवली तरी टी-पेशी नाराज, उन्हात ठेवली तरी नाराज. उशीर झाला की त्या मेलेल्या नसतात, पण इंटरफेरॉन-गॅमा नीट सोडत नाहीत. आणि मग ‘कर्करुग्णांच्या टी-पेशी थकलेल्या आढळल्या’ असा निष्कर्ष लिहिला जातो. थकलेली होती ती एसटी. द्रव नायट्रोजनची टाकी परवडत नाही म्हणणाऱ्यांनी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा डोकावावं. कृत्रिम रेतनाच्या कांड्या उणे १९६ अंशांत ठेवायची विद्या विदर्भातल्या खेड्यांना कधीची अवगत आहे.

दुसरा मुक्काम नोंदणीचा. कर्करोगाच्या प्रतिकारशास्त्रातला शेवटचा आकडा प्रयोगशाळेत नसतो. रुग्ण किती महिने जगला हा तो आकडा. तो गावात असतो. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली तेव्हा कार्यकर्ते गावोगाव फिरून माहिती आणत, कारण खेड्यातला रुग्ण आपणहून दवाखान्यात येऊन नोंद करत नाही. कापूस वेचायच्या दिवसांत रुग्ण तपासणीला येत नाही, तर तो ‘पाठपुराव्यातून गळाला’ असं लिहायचं की त्याच्या गावच्या आशाताईंना फोन करायचा? प्रतिकारशास्त्र शिकणाऱ्याने निदान एक हंगाम नोंदणीच्या माणसांबरोबर काढावा, हा सल्ला काहींना कमीपणाचा वाटेल. सेवाग्रामचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी गावात राहून आलेला असतो, त्याला वाटू नये.

तिसरी गोष्ट संमतीची. ती नैतिकतेच्या प्रकरणात टाकून मोकळं होण्याची प्रथा आहे. २००९-१० साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा भागात मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा प्रकल्प झाला. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लशीमुळे झाल्याचं दिसलं नाही, पण संमती घेण्याची पद्धत सदोष होती हे पुढे आलं. प्रकल्प थांबला, संसदीय समितीने कोरडे ओढले, आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग रोखणारी ती लस देशाच्या कार्यक्रमात यायला केवढा तरी उशीर झाला. पुण्याच्या सीरमची देशी लस बाजारात यायला २०२३ उजाडलं. सदोष संमतीची किंमत कोणी मोजली याचा हिशेब करावा. रुग्ण विचारतो, ‘आमचं रक्त नेऊन तुम्ही करता काय?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्याचं उत्तर शिकणाऱ्याला दोन मिनिटांत, वऱ्हाडी कानाला कळेल अशा भाषेत देता आलं नाही, तर आपण काय करतो आहोत हे त्याला स्वतःलाच अजून कळलेलं नाही असं समजावं.

इतकं झाल्यावर गाठ. आणि गाठीपाशी पोचल्यावर सुरुवातीचा क्षय परत भेटतोच. पीडी-१ नसलेल्या उंदरांना क्षयजंतू झपाट्याने मारतो. पीडी-१ रोखणारं औषध घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये दबलेला क्षय उसळल्याच्या नोंदी आहेत. ज्या जिल्ह्यातल्या इतक्या माणसांच्या अंगात तो दबून आहे तिथे खर्ऱ्याने गाल गमावलेल्या माणसाला हे औषध देताना काय होतं? अगदी थोड्या मात्रेतही होतं का? क्षयाची आठवण ठेवणाऱ्या टी-पेशी गाठीत शिरून काही उपयोगी पडतात, की नुसत्या जागा अडवतात? अशा प्रश्नांसाठी लागणारे रुग्ण, नोंदणी, क्षयाचं जुनं काम आणि कर्करोगाचा वॉर्ड हे सगळं एकाच जिल्ह्यात मिळणं जगात फार ठिकाणी शक्य नाही. इथून शिकून मुलं पुण्याला, मुंबईला, परदेशी जातील. जावंही. रणदिवेही गेल्या होत्या. पण जाताना त्यांच्या वहीत इथला प्रश्न असावा.

टिपणं कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील, फक्त संख्याशास्त्राचं टिपण शेवटी ठेवू नये. नमुने गोळा झाल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं ही आपली जुनी खोड आहे, म्हणून ते मुद्दाम दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आहे. पहिलं टिपण रक्त काढण्याआधीच्या कामाचं आहे. त्यात नळीवर काय लिहावं, वेळ कुठल्या घड्याळाने टिपावी आणि रुग्ण जेवून आला आहे का हे विचारावं की नाही, एवढंच आहे. त्याला वाचायला पंधरा मिनिटं लागतात.